डॉ. विक्रम साराभाई : शेवटच्या बाकापर्यंत

बेंगळुरूत शिकणाऱ्या मुलाला इस्रो हे नाव मुद्दाम सांगावे लागत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि त्या यानाच्या लँडरचे 'विक्रम' हे नावही देशभरातल्या मुलांना पाठ झाले. ते नाव डॉ. विक्रम साराभाई यांचे. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून सामान्यज्ञानाच्या परीक्षेत त्यांच्यावर एका गुणाचा प्रश्न येतो आणि आपण उत्तर लिहून पुढे जातो. पण हा माणूस उपग्रहाची स्वप्ने पाहत होता, तेव्हा त्याच्या मनात चंद्र नव्हता. त्याच्या मनात खेड्यातली शाळा होती. हे मला आजोबांमुळे समजले. ते कसे, ते पुढे येईलच.

मित्रांनो, आपल्या वसतिगृहात मोबाइल नसतो. संगणक कक्षात जायचे तेही वेळापत्रकाप्रमाणे. त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की दोन टोकांची मते एकदम कानावर पडतात. मोठी माणसे म्हणतात, या पडद्यांनी मुलांचे वाटोळे केले. गावातले सोबती म्हणतात, सगळे मोबाइलवर मिळते, मग पुस्तक आणि मास्तर हवेत कशाला? दोन्हीकडची माणसे आपलीच असतात आणि आपण मधे अडकतो. या दोन टोकांच्या मधून जाणारी एक वाट साराभाईंनी पन्नास वर्षांहून अधिक काळापूर्वी आखून ठेवली होती. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र लिहायला घेतले.

विक्रम साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील अंबालाल हे मोठे गिरणीमालक, आई सरलादेवी. घरात आठ भावंडे. या मुलांना बाहेरच्या शाळेत घालण्याऐवजी आईवडिलांनी घराच्या आवारातच शाळा उभी केली. तिथे भाषा, गणित, विज्ञान होतेच, पण संगीत, चित्रकला, बागकाम आणि हातोडी-करवतीचे कामही होते. मुलांनी हात घाण करून शिकावे, असा त्या शाळेचा रिवाज होता. महात्मा गांधी, रवींद्रनाथ टागोर, सी. व्ही. रामन अशी माणसे त्या घरी येत असत.

शाळेतल्या कार्यशाळेत विक्रम रमून जात. पंधरा वर्षांचे होण्याच्या सुमारास त्यांनी दोन अभियंत्यांच्या मदतीने आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली. ती अहमदाबादच्या विज्ञान केंद्रात आजही जपून ठेवलेली आहे. मी स्वतः पंधरा वर्षांचा असल्यामुळे या गोष्टीपाशी थोडा थांबलो. त्या काळात इंजिन म्हणजे सर्वांत मोठे तंत्रज्ञान होते. लाखो मुले आगगाडीत बसत होती, खिडकीतून झाडे मोजत होती. या मुलाला मात्र ती गाडी कशामुळे चालते ते हवे होते. श्रीमंत घरामुळे साधने मिळाली हे खरेच आहे. पण साधने मिळालेली मुले पुष्कळ असतात आणि त्यांतली सगळी इंजिन बांधत नाहीत.

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजमध्ये काही काळ शिकून ते १९३७ मध्ये इंग्लंडला केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. पदवी झाली आणि दुसरे महायुद्ध भडकले. पुढचा अभ्यास तिथे करणे अवघड झाले, तेव्हा ते भारतात परतले आणि आले ते आपल्या बेंगळुरूला, भारतीय विज्ञान संस्थेत. १९०९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिथे सर सी. व्ही. रामन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली साराभाई विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. होमी भाभाही युद्धामुळे याच संस्थेत येऊन राहिले होते. पुढे देशाचा अणुकार्यक्रम आणि अवकाश कार्यक्रम ज्यांनी उभा केला ते दोघेही तरुणपणी एकाच आवारात, याच शहराच्या हवेत काम करत होते. रविवारी शहरात जायला मिळते तेव्हा त्या बाजूने बस गेली की मला हे आठवते.

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे अतिवेगवान कण. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजायला गायगर काउंटर लागतो. ही एक वायू भरलेली नळी असते आणि तिच्यातून कण गेला की विजेचा एक बारीक ठोका उमटतो. असे काउंटर एकावर एक रचले आणि सगळ्यांत एकाच क्षणी ठोका पडला तरच तो मोजायचा असे ठरवले, की कण कोणत्या दिशेने आला तेही समजते. साराभाईंनी बेंगळुरूत, पुण्याच्या हवामान खात्याच्या केंद्रात आणि काश्मीरच्या उंच डोंगरावर अशी मोजमापे केली. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी किती कण येतात याचे ठोके ते मोजत होते. १९४२ मध्ये त्यांचा याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांचा विवाह नृत्यांगना मृणालिनी यांच्याशी झाला. त्यांची भेटही बेंगळुरूतच झाली होती.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. त्यांचे वय अठ्ठावीस. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, तीही एका महाविद्यालयाच्या खोल्यांत. प्रसिद्ध हवामानशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन तिचे पहिले संचालक झाले. इमारत झाल्यावर काम करू, अशी वाट त्यांनी पाहिली नाही. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी कापड उद्योगासाठी संशोधन संस्था काढली, अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि मुलांसाठी विज्ञान केंद्र उभे केले. त्या सगळ्यांची यादी इथे देत नाही. आपल्याला जायचे आहे ते थुंब्याला.

थुंबा हे केरळात तिरुअनंतपुरमजवळ समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते, म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करायला ही जागा उत्तम होती. पण तिथे होते काय? नारळाची झाडे, कोळ्यांची घरे आणि सेंट मेरी मॅग्डालेन चर्च. गावकऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी आपले चर्च विज्ञानासाठी दिले. चर्च आणि बिशपचे घर यांतच कार्यालय आणि कार्यशाळा बसली. त्या काळचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात रॉकेटचा पुढचा भाग सायकलच्या कॅरिअरवर ठेवून दोघे जण चालत निघाले आहेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी तिथून पहिले रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे होते. त्याने वर जाऊन सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग मावळतीच्या आकाशात दूरवरून दिसला. पुढच्या काही वर्षांत भारतीय बनावटीची छोटी रॉकेटेही तिथून उडू लागली. तिथे काम करणारे बहुतेक अभियंते तरुण होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम त्यांच्यातलेच एक.

या सायकलच्या फोटोवर लोक हसलेही असतील. ज्या देशात धान्य पुरत नाही, शाळांना छप्पर नाही, त्या देशाने रॉकेटे कशाला उडवायची, असा प्रश्न तेव्हा देशात आणि देशाबाहेरही विचारला जात होता. प्रश्न चुकीचा नव्हता आणि साराभाईंनी तो कधी टाळला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : चंद्रावर किंवा ग्रहांवर माणसे पाठवण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची आपल्याला गरज नाही. पण सर्वांत पुढचे तंत्रज्ञान आपल्या माणसांच्या खऱ्या अडचणींसाठी वापरण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये.

खरी अडचण कोणती, हेही त्यांनी नेमके शोधले. भारतात तेव्हा साडेपाच लाखांहून अधिक खेडी होती. प्रत्येक खेड्यात उत्तम विज्ञान शिक्षक पाठवायचा, तर तेवढे शिक्षक तयार व्हायलाच कित्येक वर्षे लागली असती. तयार झालेला शिक्षकही शहर सोडून आडगावी जाईलच असे नाही. मग उत्तम शिक्षकाचा आवाज आणि चित्र तरी तिथे पोहोचवता येईल का? टीव्ही हे साधन होते. भारतात १९५९ पासून तो फक्त दिल्लीत होता. मुंबईत तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी आला. जमिनीवर एकेक मनोरा उभारत गेलो, तर आधी महानगरे, मग शहरे, मग तालुके आणि सर्वांत शेवटी खेडी, असा क्रम लागणार हे उघड होते. वर्गात पुढच्या बाकावरच्यांना आधी वाढायचे आणि उरलेच तर शेवटच्या बाकाला, तसाच हा प्रकार.

साराभाईंनी हा क्रमच उलटा केला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर त्याला पृथ्वीभोवती फिरायला बरोबर एक दिवस लागतो. पृथ्वीही तेवढ्याच वेळात फिरते, त्यामुळे तो आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. तिथून पडणारी त्याची नजर दिल्ली आणि एखादे आडगाव यांत फरक करत नाही. म्हणजे सुरुवात खेड्यापासूनच करता येते. बैलगाडीच्या वाटेवरही उपग्रहाचे चित्र पोहोचू शकते, हे त्यांना आकड्यांनी पटले होते आणि सरकारला ते त्यांनी चिकाटीने पटवले.

जानेवारी १९६६ मध्ये होमी भाभा विमान अपघातात गेले आणि त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाची जबाबदारी साराभाईंवर आली. दोन्ही कामे ते एकाच वेळी ओढत होते. १९६७ मध्ये दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत शेतकऱ्यांसाठी टीव्हीचा एक छोटा प्रयोग झाला. त्याच वर्षी अहमदाबादला उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र उभे राहिले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या नासाशी करार झाला, की त्यांचा एक उपग्रह एक वर्षासाठी भारताच्या खेड्यांना शिकवण्यासाठी वापरायचा. उपग्रह त्यांचा, पण जमिनीवरची सगळी यंत्रणा आणि सगळे कार्यक्रम आपले. उसने घ्यायचे ते एवढेच आणि शिकून घ्यायचे ते सगळे, असा हा हिशेब होता.

तो प्रयोग मात्र साराभाईंना पाहता आला नाही. थुंब्याला कामासाठी आले असता, ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळमच्या मुक्कामी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते अवघे बावन्न.

आपल्या शाळेत शिकवतात, की नायक पडला तरी तुकडीने काम पुरे करायचे असते. साराभाईंच्या तुकडीने तेच केले. प्रा. यशपाल अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख झाले. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती, तर जमिनीवरच्या यंत्रणेच्या कामात पुण्याचे प्रमोद काळे होते. मराठी पानावर ही दोन नावे यायलाच हवीत. १ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग सुरू झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यात होती. मुद्दाम मागास भागांतली खेडी निवडली होती. कर्नाटकातले जिल्हे होते गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर.

आता आजोबांची गोष्ट. आमचे मूळ गाव गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यात. घरात मराठी, शाळेत कन्नड. आजोबा तेव्हा शेजारच्या गावी एकशिक्षकी शाळेत मास्तर होते. चार इयत्ता, एक फळा आणि एक माणूस. त्या गावात सेट येणार असे समजले, तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती त्यांनाच वाटली. डबा बोलू लागला, तर पोरे माझे कशाला ऐकतील, असे त्यांना वाटले. आज संगणक शिक्षकाची जागा घेईल का, यावर आपण वादविवाद स्पर्धा घेतो. आळंद तालुक्यात तो वाद १९७५ मध्येच एका माणसाच्या मनात चालू होता.

मग जीप आली, माणसे उतरली आणि शाळेच्या आवारात एक मोठी तबकडी उभी राहिली. दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. गावकऱ्यांना वाटले, काही तरी कमी पडले असावे म्हणून जाळी लावली. पण त्यातच खरी हुशारी होती. रेडिओलहरी लांबीला मोठ्या असतात, त्यांना जाळीची भोके भोकांसारखी वाटत नाहीत, त्या पत्र्यावरून परतावे तशाच परततात. जाळी स्वस्त, हलकी, आणि वारा तिच्यातून निघून जातो म्हणून ती उलटत नाही. एरवी उपग्रहाचे चित्र घ्यायला प्रचंड तबकडी लागायची. इथे उपग्रहाचीच तबकडी ३० फुटांची होती. ती जोरकस लहरी पाठवायची, म्हणून जमिनीवरची लहान असली तरी चालत होते. टीव्ही संच हैदराबादच्या सरकारी कारखान्यात बनवलेले होते. वीज नसलेल्या काही गावांत ते बॅटरीवर चालत.

रोज सकाळी दीड तास मुलांचे कार्यक्रम असत आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांचे. हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया या चार भाषांना सकाळी प्रत्येकी साडेबावीस मिनिटे मिळत. एकाच चित्राबरोबर दोन भाषांतले आवाज एकाच वेळी पाठवायचीही सोय होती. मुलांसाठीच्या विज्ञानाच्या कार्यक्रमांचे काम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत चाले. संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबकल्याण आणि करमणूक.

आजोबांना आता सगळे कार्यक्रम आठवत नाहीत. पण पहिल्या काही आठवड्यांत त्यांना एक गोष्ट उमगली आणि ती ते अजून सांगतात. साडेबावीस मिनिटांनी डबा गप्प व्हायचा आणि पोरांचे तोंड सुरू व्हायचे. ते असे का? हे आपल्याकडे होते का? त्या प्रश्नांना उत्तर द्यायला डबा थांबत नव्हता. तिथे मास्तरच लागत होता. एके दिवशी डासांविषयी पाहिल्यावर एका मुलीने डबक्यातल्या अळ्या काचेच्या बाटलीत भरून वर्गात आणल्या, टीव्हीवर दाखवले ते खरे आहे का हे तिला पाहायचे होते. चार दिवस सगळी शाळा त्या बाटलीभोवती बसली. आजोबांनी वर्गात इतकी वर्षे डासांचा धडा वाचला होता, पण बाटली कोणी आणली नव्हती. त्या दिवसापासून त्यांची धास्ती गेली. कार्यक्रमाच्या आधी ते मुलांना थोडे तयार करायचे आणि नंतर अर्धा तास फक्त प्रश्न घ्यायचे. सुट्टीत प्राथमिक शिक्षकांसाठी याच उपग्रहावरून विज्ञानाचे प्रशिक्षण झाले. सोबत रेडिओ, छापील पुस्तिका आणि हाताने करायचे प्रयोग. देशभरातल्या अशा हजारो शिक्षकांत आजोबाही होते.

३१ जुलै १९७६ रोजी ठरल्याप्रमाणे वर्ष संपले आणि अमेरिकेने उपग्रह पुढच्या कामासाठी हलवला. पोरे काही दिवस रोज सकाळी सेटपाशी येऊन बसत. आजोबांनी मग डबा बंद असतानाही तो अर्धा तास प्रश्नांसाठीच ठेवला. निवृत्त होईपर्यंत तो त्यांच्या वेळापत्रकात होता.

या प्रयोगाने सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. समाजशास्त्रज्ञ खेड्यांत जाऊन राहिले, कुठे काय बदलले आणि कुठे नाही याच्या त्यांनी नोंदी घेतल्या. टीव्ही आला म्हणून शाळेबाहेरची सगळी मुले शाळेत आली नाहीत. गरिबी तबकडीने हटत नाही. पण आडगावातले यंत्र आपल्या माणसांना सांभाळता येते, आणि खेड्यातली माणसे नवे काही शिकायला तयार असतात, हे सिद्ध झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जमिनीवरची यंत्रणा आपल्याच लोकांनी बनवली, चालवली आणि दुरुस्त केली. पुढे इन्सॅट उपग्रह आले ते याच अनुभवावर. गंमत पाहा, बेंगळुरूसारख्या शहराला दूरदर्शनचे स्वतःचे केंद्र मिळाले ते १९८१ मध्ये. गुलबर्ग्याकडच्या खेड्यांतली पोरे त्याच्या सहा वर्षे आधी आकाशातून येणारे धडे पाहत होती. शेवटचा बाक एकदा का होईना, पहिला आला होता.

त्यानंतरचा काळ आपल्याला माहीत आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी फक्त शिक्षणासाठी असलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या पहिल्या प्रयोगांत कर्नाटकातले विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होते. आता पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी स्वतंत्र टीव्ही वाहिनी आहे, 'दीक्षा' आणि 'स्वयं' आहेत. आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या प्राध्यापकांची व्याख्याने कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. साराभाई ज्या संस्थेत येऊन शिकले, तिचे धडे आता आळंद तालुक्यात शेताच्या बांधावर बसूनही ऐकता येतात. दहा फुटांची तबकडी खिशात मावू लागली आहे.

मग भीती कसली बाळगायची? आणि फुशारकी तरी कसली? साराभाईंच्या आयुष्याकडे पाहून मला तीन गोष्टी समजल्या, त्या माझ्या बरोबरीच्या आणि माझ्याहून लहान कॅडेटांसाठी लिहितो.

पहिली गोष्ट. पडदा हा उत्तराचा शेवट नसून प्रश्नाची सुरुवात आहे. संगणक कक्षात आपल्याला आठवड्यात मोजके तास मिळतात. जाण्याआधी वहीत दोन प्रश्न लिहून नेले, तर ते तास पुरतात. काहीच न ठरवता गेलो, तर दिवसभर दिले तरी पुरणार नाहीत. आजोबांना साडेबावीस मिनिटेच मिळत होती आणि त्यावर त्यांचा सगळा दिवस चालायचा.

दुसरी गोष्ट. जे वापरतो ते कसे चालते हे जाणून घ्यायचे. पंधरा वर्षांच्या विक्रमने गाडीत बसण्यावर समाधान मानले नाही, इंजिन बांधले. आपल्यापैकी प्रत्येकाला इंजिन बांधता येणार नाही. पण खराब झालेला माउस उघडून पाहता येतो, छोटा प्रोग्राम लिहिता येतो, जाळीची तबकडी का चालते हे भौतिकशास्त्राच्या सरांना विचारता येते. आपल्यातले बरेच जण सैन्यात जाणार आहेत. तिथे रडार असेल, ड्रोन असतील, उपग्रहावरून येणारे नकाशे असतील. यंत्राला घाबरणारा जवान आणि यंत्रावर आंधळा विश्वास टाकणारा जवान, दोघेही तुकडीला धोक्यात घालतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तंत्रज्ञान चांगले की वाईट हे ठरवायचे असेल, तर ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचले का, एवढे पाहावे. सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या हातात एक फोन असतो आणि शेजारच्या घरात चार मुलांना मिळूनही तो नसतो. विज्ञानाचा एखादा चांगला व्हिडिओ त्यांना बोलावून एकत्र पाहिला आणि नंतर त्यावर प्रश्न घेतले, तर त्या ओट्यावर पुन्हा एकदा १९७५ ची शाळा भरेल. मी मागच्या मे महिन्यात हे करून पाहिले. पाच पोरे आली, त्यातल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी आणखी तिघांना आणले.

शेवटी एक प्रसंग सांगतो. साराभाईंनी अहमदाबादेत मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी जे विज्ञान केंद्र काढले, त्याच्या पायाभरणीसाठी २२ डिसेंबर १९६८ रोजी बेंगळुरूहून त्यांचे गुरू सी. व्ही. रामन गेले. रामन तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. ज्या माणसाच्या शिष्याने रॉकेट आणि उपग्रहांचा कार्यक्रम उभा केला, त्या माणसाने त्या दिवशी व्याख्यानासाठी विषय निवडला तो हा, की आकाश निळे का दिसते? त्यासाठी रॉकेट लागत नाही आणि संगणकही लागत नाही. मान वर करून पाहावे लागते आणि विचारावे लागते.

विचारणारा माणूस असला की सायकलही चालते, जाळीची तबकडीही चालते आणि आपल्या संगणक कक्षातले जुने यंत्रही चालते. विचारणाराच नसेल, तर ३६,००० किलोमीटरवरचा उपग्रह काय करणार?